ट्रीनाच्या घरचं पाणी

ट्रीना वासेनारच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की माणसाला आधी स्वतःचे बूट आठवतात. ते दाराशी काढले ना, मोजे फाटके तर नाहीत ना, असं काहीबाही मनात येतं. ट्रीना कुणाला काही बोलत नाही. तिची फरशीच बोलते.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासू चांगली ठणठणीत होती. दर शनिवारी दुपारी ती खिडकीच्या चौकटीवरून, दाराच्या वरच्या कडेवरून एक बोट फिरवायची, त्या बोटाकडे बघायची आणि अवाक्षर न काढता निघून जायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ट्रीनाला त्या काळी वाटे. पुढे सासू गेली; बोट मात्र घरातच राहिलं. आता ते ट्रीनाच्याच हाताला होतं, आणि ते ती फक्त स्वतःच्या कामावरून फिरवत असे. निदान तिची तशी समजूत होती.

मिशिगनच्या त्या पट्ट्यात सगळी डच वस्ती. शनिवारी घरोघर बुटांना पॉलिश होणार, रविवारी कुणी दोरीवर साधा रुमालसुद्धा वाळत घालणार नाही, चर्चमध्ये प्रवचन लांबलं की बाकाबाकावर पेपरमिंटच्या गोळ्या फिरणार. कुणाच्या घरून ताटली आली तर ती धुऊन, पुसूनच परत जायची. ट्रीना ती दोनदा धुवायची. एकदा वापरली म्हणून आणि एकदा परत द्यायची म्हणून.

नवरा हार्म आणि ती, दोघांनी मिळून तीस-पस्तीस वर्षं गाई सांभाळल्या. दूध काढायची खोली ट्रीना अशी ठेवायची की दूध न्यायला येणारा ट्रकवाला म्हणायचा, “इथे तर माझ्या बहिणीचं लग्न लावता येईल.” मग दुधात काही उरेना, गाई विकल्या, आणि पुढच्याच हिवाळ्यात हार्म बर्फ उपसताना छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. जमीन शेजारच्या आल्डन पोस्त्माने कसायला घेतली. त्याच्या गाई अजून होत्या. हिवाळ्यात न सांगता तो ट्रीनाच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ आपल्या ट्रॅक्टरने बाजूला करून द्यायचा आणि ती त्याला बदामाचं सारण भरलेली लांबट पेस्ट्री पाठवायची. त्यावर दोघांमध्ये फारसं बोलणं होत नसे. इतकं चांगलं शेजारपण होतं.

अडुसष्टाव्या वर्षी ट्रीनाला नात झाली. मुलगा लोरेन ग्रँड रॅपिड्समध्ये राहायचा. त्याची बायको कायला, डच नव्हे, तशी कुठल्या एकाच मुळाची नाहीच. आई दूर ॲरिझोनात. कायलाची बाळंतपणाची रजा संपत आली होती. बाळाला पाळणाघरात ठेवायचं की आजीकडे, हा प्रश्न होता. ट्रीनाच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता. तिने वरच्या खोलीतल्या पाळण्याला वसंतातच नवा रंग दिला होता.

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला दोघं आली तेव्हा कायला म्हणाली, “ट्रीना, एक विचारू? राग नका मानू. तुमच्याकडे बोअरचं पाणी ना? ते तपासलंय का कधी?”

“तपासायचं काय त्यात?” ट्रीना म्हणाली. “लोरेन हेच पाणी पिऊन सहा फुटांचा झाला.”

“आई, ती बाळाच्या दुधासाठी म्हणतेय,” लोरेन मध्ये पडला. “पावडर त्याच पाण्यात कालवायची ना. जिल्ह्याचं आरोग्य खातं तान्ह्या बाळांच्या घरी फुकट तपासून देतं.”

“मग तपासू की! हजारदा तपासा!” ट्रीना म्हणाली. तिला खरोखरच राग आला नव्हता. कुणी तिच्या घरचं काही तपासणार म्हटल्यावर तिला उलट जरा बरंच वाटलं.

आरोग्य खात्याच्या कचेरीतून तिने बाटली आणली. बोटभर उंचीची, झाकणाला पट्टी लावलेली, आत तळाशी चिमूटभर पांढरी पूड. सोबत छापील सूचना होत्या: नळ असा तयार करा, पाणी इतका वेळ सोडा, बाटली धुऊ नका, आत हात लावू नका. ट्रीनाने चष्मा लावून सगळं वाचलं. ज्यांच्या घरचे नळ चिकट असतात त्यांच्यासाठी लिहिलेलं दिसतंय, असं म्हणून तिने चष्मा काढला. मग ओटा पुसायच्या फडक्याने नळ लख्ख पुसला, तोंडाशी आतूनसुद्धा बोट घालून पुसला. बाटलीतली ती पूड पाहून तिला किळस आली. सरकारी कारखान्यात कोण कसल्या हातांनी काय भरत असेल! तिने बाटली तीन पाण्यांनी विसळली, झाकण आतून कोरडं केलं, पाणी भरलं आणि बाटली बाहेरून पुसून, छोट्या पिशवीत घालून कचेरीत नेऊन दिली. कुणाची वस्तू परत करताना जशी करावी तशी.

दोन दिवसांनी फोन आला. पलीकडे मार्सी कुबियाक, खात्याची निरीक्षक. “मिसेस वासेनार, नायट्रेट ठीक आहे. बाळाच्या दृष्टीने मुख्य भीती त्याची असते, ती नाही. पण पाण्यात जंतू निघालेत.”

“कुणाच्या पाण्यात?”

“तुमच्या.”

ट्रीनाने नाव, पत्ता, रस्त्याचा क्रमांक पुन्हा विचारून घेतला. सगळं तिचंच होतं. फोन ठेवल्यावर तिने नळ सोडून पाहिला. पाणी स्वच्छ होतं, गार होतं, त्याला वास नव्हता. सासूचं बोट पाण्यावरून फिरवता येत नाही, हे तिच्या इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं.

मार्सीने सांगितलं तसं तिने बोअरमध्ये ब्लीच ओतलं. घरातल्या एकूण एक नळाला पोहण्याच्या तलावासारखा वास येईपर्यंत पाणी सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत बाहेरच्या नळाने गवतावर वाहू दिलं. गवत पिवळं पडलं. मग नवी बाटली आणली, या वेळी नळ दोनदा पुसला.

पुन्हा जंतू.

“असं कसं होईल?” ती फोनवर म्हणाली. “मी अर्धी बाटली ब्लीच जास्तीच ओतलं होतं!”

“जास्त ओतायचं नसतं, मिसेस वासेनार.”

“सांगताना लोक नेहमी कमीच सांगतात. मला माहीत आहे ना.”

मार्सी स्वतः आली. चाळिशीची, दणकट, चिखलाचे बूट. दाराशी आली आणि न सांगताच बूट काढून उभी राहिली. ट्रीनाला ती तेवढ्यावर आवडली. तिने बोअरचं झाकण पाहिलं, पाईप पाहिला, सांडपाण्याच्या टाकीपासूनचं अंतर पाहिलं, आणि जाताना स्वतःच्या हाताने एका बाटलीत पाणी भरून नेलं. ती भरत असताना ट्रीना वरच्या खोलीत होती. बाईच्या कामात डोकावू नये म्हणून मुद्दाम गेली होती.

मार्सीची बाटली चांगली निघाली.

आता ट्रीनाला काही कळेना. पाणी चांगलं की वाईट? तिने पुन्हा भरून पाठवलं, तेव्हा वाईट. म्हणजे सरकारी बाईपुढे पाणी शहाण्यासारखं वागत होतं आणि घरच्या बाईला दगा देत होतं. तिने स्वतः एक ग्लास प्यायला. काही झालं नाही. मग दिवसभर पोटाकडे लक्ष ठेवून बसली आणि संध्याकाळी पोटात खरंच काहीतरी गडबडल्यासारखं वाटलं. लॅबमध्ये बाटल्यांची अदलाबदल होत असेल. किंवा मार्सी दया म्हणून खोटं सांगत असेल. किंवा आल्डन.

हा विचार तिला भांडी घासताना सुचला आणि मग तो जाईना. तिच्या बोअरपासून वर चढावर आल्डनचं शेत, आणि वसंतात त्याने तिथे शेण टाकलं होतं. वारा इकडे असला की तिचे पडदे आठवडाभर तो वास धरून बसत. तिने मार्सीला फोन केला. नाव घेताना जीभ अडखळली, पण घेतलं. तान्ह्या मुलीचा प्रश्न होता.

मार्सीला जाणं भाग होतं. ती आल्डनकडे गेली, शेणाचा खड्डा पाहिला, अंतरं मोजली. सगळं नियमात होतं.

त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आल्डनने टोपी हातात घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं, “काय गं ट्रीना, माझ्या गाई रात्री येऊन तुझ्या बोअरमध्ये डोकावतात म्हणे?”

“आल्डन, मी फक्त...”

“तसं असेल तर सांग. मी त्यांना बोलतो. चांगल्या घरातल्या आहेत त्या, ऐकतील.”

आजूबाजूला दोघं-तिघं हसले. ट्रीना लाल झाली. आतमध्ये प्रवचन सुरू झाल्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मागच्या बाकावरून तिच्या खांद्यावर पेपरमिंट आली नाही.

घरी कायलाचा फोन. “ट्रीना, मी पाळणाघराशी बोलून ठेवतेय. जागा अडवून ठेवायला लागते. तुमच्याकडे नाहीच असं नाही. फक्त मला कळत नाही हो, एकदा चांगलं, एकदा वाईट. मी कशावर विश्वास ठेवू?”

“मलाच कुठे कळतंय,” ट्रीना म्हणाली. “बाहेरून विकतचं पाणी आणीन मी. बाटल्याच्या बाटल्या.”

“अंघोळ? भांडी? बाळाची बाटली कशात धुणार?”

फोन ठेवून ट्रीनाने वरच्या पाळण्याची चादर बदलली. ती चादर कुणी वापरलीच नव्हती.

महिनाअखेरीस पाळणाघराला पक्कं कळवायचं होतं. त्याआधी मार्सी पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात दोन बाटल्या होत्या.

“मिसेस वासेनार, मी एक भरते, एक तुम्ही भरा. पण मी इथेच उभी राहणार. तुम्ही नेहमी करता तसंच करा.”

“तुझ्यासमोर?” ट्रीनाला लाजल्यासारखं झालं. पण तिने बाह्या सारल्या. हात धुतले. ओट्यावरचं फडकं घेतलं, पिळलं आणि नळ पुसायला लागली.

“थांबा,” मार्सी म्हणाली.

“आत्ताच सुरुवात केलीय.”

“नाही, करा. पूर्ण करा. मी बोलत नाही.”

ट्रीनाने नळाच्या तोंडात बोट घालून पुसलं. बाटलीचं झाकण काढलं, पूड पाहून नाक मुरडलं, तीनदा विसळली, फडक्याच्या कोपऱ्याने झाकण आतून कोरडं केलं. पाणी भरलं. मग वर पाहिलं तर मार्सी ओट्याला टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी.

“काय झालं? तुला बरं वाटत नाही का?”

“ट्रीना,” मार्सी म्हणाली. मिसेस वासेनार गळून पडलं होतं. “हे फडकं किती दिवसांचं आहे?”

“रोज बदलते मी! हे सकाळचं आहे.”

“सकाळपासून काय काय पुसलंत याने?”

“ओटा. कोंबडी कापली होती, ती फळी. सिंक. टेबल.” बोलता बोलता ट्रीनाचा आवाज हळू झाला. “सगळं पुसून मग ते पाण्यातून काढते मी.”

“जंतू फडक्यात राहतात हो. ओल्या फडक्याइतकं त्यांना काही आवडत नाही. सगळ्यांच्या घरी राहतात, माझ्या घरी तुमच्यापेक्षा दुप्पट असतील. फक्त बाकी कुणी फडक्याने नळ पुसून मग पाणी भरत नाही. बाटली धुऊ नका म्हणून लिहिलंय ना? ती पूड औषधी असते, पाण्यातलं ब्लीच मारायला घातलेली. आणि बाटली आधीच निर्जंतुक केलेली असते.”

“मला वाटलं ते... म्हणजे घाण लोकांसाठी लिहिलंय.”

मार्सी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तुमचं पाणी चांगलं आहे, ट्रीना. पहिल्यापासून चांगलं होतं, असंच मला वाटतंय. आता नळाचं तोंड ब्लीचने पुसू, पाणी सोडू आणि मग काहीही न पुसता तुम्हीच भरा. दोन दिवसांनी कळवते.”

मार्सीने आधी आपली बाटली भरली, मग गाडीतून आणलेली नवी बाटली तिच्या देखरेखीखाली ट्रीनाने भरली. एका हाताने बाटली, दुसऱ्या हाताने झाकण, आणि बाकी काही नाही. काहीच न पुसता एखादं काम पुरं करायचं म्हणजे तिला आपण अर्ध्या कपड्यांत उभे असल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी कळलं. दोन्ही बाटल्या चांगल्या.

ट्रीना टेबलाशी बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता आणि तो कुठेतरी होताही, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. पाणी स्वच्छ होतं. मग घाण कुठे होती? तिच्या हातात. ज्या हातांत ते बाळ द्यायचं की नाही हा प्रश्न होता, त्याच हातांत. ही चांगली बातमी की वाईट, हे तिला ठरवता येईना. कायलाला नुसतं “पाणी चांगलं निघालं” असं सांगितलं असतं तर खोटं नव्हतं. तिने फोन उचलला आणि परत ठेवला.

आधी ती आल्डनकडे गेली. पेस्ट्री करून नेली होती. तो गोठ्यातून बाहेर आला आणि ताटलीकडे बघत उभा राहिला.

“माझ्या फडक्याचं होतं ते,” ती म्हणाली. “तुझ्या गाईंचं नाही. माफ कर.”

“फडक्याचं?”

तिने सगळं सांगितलं. आल्डनने ऐकून घेतलं, मान खाली घातली, मग त्याचे खांदे हलायला लागले. “माझी बायको असती ना,” तो डोळे पुसत म्हणाला, “तर आठवडाभर अंथरुणात हसत पडली असती. ती म्हणायची, ट्रीनाकडे जायचं तर मी आधी बूट धुते आणि मग आत जाताना ते काढते.”

“असं म्हणायची ती?” ट्रीनाने विचारलं. हे तिला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

“सगळेच म्हणतात,” आल्डन म्हणाला आणि ताटली घेऊन आत गेला.

ग्रँड रॅपिड्सपर्यंतच्या रस्त्यावर ट्रीना तेच घोळवत राहिली. सगळेच म्हणतात. कोण सगळे? आणि कधीपासून? कौतुकाने म्हणतात का? एका वळणावर ती चुकली, दुसऱ्याच गल्लीत शिरली, माघारी फिरली.

कायलाने दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर बाळ रडत होतं, केस विस्कटलेले, अंगातल्या शर्टवर दुधाचे डाग. मागे सिंक भांड्यांनी भरलेलं, सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर.

“अरे देवा,” कायला म्हणाली. “तुम्ही? मी... जरा पसारा आहे. फोन केला असता तर...”

“पाणी चांगलं आहे,” ट्रीना दारातच म्हणाली. “पहिल्यापासून चांगलं होतं. मीच बिघडवत होते. ओट्याच्या फडक्याने नळ पुसायचे मी, त्यातले जंतू जात होते. कोंबडीचे.” तिला थांबता येईना. “मला वाटलं तुला सांगू नये. पण मुलगी तुझी आहे. हात माझे असणार. म्हणून सांगते.”

कायलाने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“म्हणजे तुमच्या घरी सगळ्यात घाण वस्तू म्हणजे तुमचं फडकं?”

“हो.”

कायला हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि कुठलं कधी संपलं ते ट्रीनाला कळलंच नाही. “तुम्हाला सांगू का,” ती नाक पुसत म्हणाली, “पहिल्यांदा पाण्यात जंतू निघाले ना, तेव्हा मला बरं वाटलं. खूप वाईट आहे हे, माहीत आहे मला. पण तुमच्याकडे आले की मला ग्लास कुठे ठेवू ते कळत नाही. ही तिथे ओकली, सांडलं, तर तुम्ही काही बोलणार नाही. लगेच पुसून टाकाल, आणि माझ्याकडे बघणारही नाही. त्याची भीती वाटते मला. पाण्याची नव्हतीच तेवढी. निमित्त सापडलं, म्हणून पाण्याचं नाव घेतलं.”

ट्रीना उभीच होती. एवढं ब्लीच ओतलं, गवत जाळलं, शेजाऱ्याशी भांडण केलं आणि गोष्ट पाण्याची नव्हतीच? मग कशाची होती? तिने कधी काय केलं होतं? ती काही बोलली नव्हती. आयुष्यभर ती कुणाला काही बोलली नव्हती.

“मी कुणाला काही म्हणत नाही गं,” ती एवढंच म्हणाली.

“तेच तर,” कायला म्हणाली. मग बाळ तिच्या हातात दिलं. “धरा जरा. मला अंघोळ करू दे. दोन दिवस झालेत.”

ट्रीनाने बाळ घेतलं. हात धुवायचे राहिले होते हे तिच्या नंतर लक्षात आलं, पण तोवर बाळाने तिच्या गळ्यातली साखळी मुठीत धरली होती. बसायला जागा नव्हती. ती कपड्यांच्या डोंगरावरच एका कडेला टेकली. काहीतरी खाली घसरलं. ते तिने तिथेच पडू दिलं आणि ते तिला मुळीच सोपं गेलं नाही.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. त्याच्यावर आवाज चढवून तिने विचारलं, “मग सोमवारपासून?”

“काय?”

“सोमवारी! आणणार का हिला माझ्याकडे?”

मग आतून उत्तर आलं, “सात वाजता! पण तुम्हीच इकडे याल का? सुरुवातीचे काही आठवडे? मग आपण तिकडे बघू!”

ट्रीनाने त्या खोलीकडे नजर फिरवली. इथे नळाला शहराचं पाणी होतं. तिच्या बोअरचं पाणी ही मुलगी पुढे कधी प्यायली तर पिणार होती. वरचा रंगवलेला पाळणा, दर आठवड्याला बदललेली चादर, हे सगळं काही आठवडे तसंच राहणार होतं. हा होकार होता की नकार, हे तिला धड समजलं नाही. रोज पाऊण तास गाडी चालवायची, बर्फ पडला की एक तास, आणि दिवसभर या पसाऱ्यात बसायचं.

“येईन,” ती म्हणाली. बंद दारातून ऐकू गेलं नसेल असं वाटून बाळाचा कान हाताने झाकला आणि मोठ्याने पुन्हा म्हणाली, “येईन!”